आग्याची देणगी

ओतशाळेत त्याला सगळे आग्या म्हणत, ते भट्टीवर अख्खं आयुष्य काढलं म्हणून नव्हे, स्वभावामुळे. बोलण्याआधी हात उचलणारा माणूस. एका मुकादमाचे पुढचे दात त्याने पाडले आणि नंतर स्वतःच त्याला डॉक्टरकडे नेलं. राग भयंकर, पण मनात लबाडी नाही.

मालकाचा भाऊ निवडणुकीला उभा राहिला तेव्हा कंपनीत फर्मान निघालं: प्रत्येक कामगाराने त्याच्या प्रचाराला खुशीने देणगी द्यायची. खुशीने म्हणजे पगारातून कापून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! माणसांनी मुकाट सह्या केल्या. भट्टीखात्यात सह्या गोळा करत होता खुद्द आग्याचा जावई. तो तिथला सुपरवायझर. सगळ्या खात्याच्या सह्या आल्या तर तुला मॅनेजर करतो, असं मालकाने त्याला सांगितलं होतं. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. हा तर कंपनीने मागे लावलेला.

"मामा, तुमची एकट्याची सही राहिलीय."

"त्या माणसाला माझ्या घामातलं काही मिळायचं नाही, जावईबापू. सांगा जाऊन."

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी साखळी तुटून वितळलेल्या लोखंडाची बादली आग्याच्या जोडीदारावर उलटली होती. आग्याने त्याला ओढलं तर हातात नुसती कातडी सुटून आली. तो ओरडत ओरडत मेला. चौकशीत मालकाच्या याच भावाने सांगितलं, कामगार प्यायलेला होता. मेलेल्याच्या बायकोला छदामही मिळाला नाही.

जावयाने थोडे दिवस गोड बोलून पाहिलं, मग विषय सोडला. आग्याला वाटलं, पीडा टळली.

एकदा दुपारच्या पाळीला जाताना तो लेकीकडे डोकावला. तिने दार अर्धंच उघडलं. डोळा काळानिळा, ओठ फाटलेला, मनगटाला फडकं बांधलेलं.

"न्हाणीघरात घसरले."

"एका घसरण्यात एवढं सगळं? खरं सांग पोरी."

ती रडली नाही. "रोज विचारतात, बापाला समजावलंस का? नाही म्हटलं की सुरू होतात."

आग्या कारखान्यात शिरला तो जावयाची गचांडी धरूनच थांबला. आजवर ज्याला अहोजाहो केलं त्याला, "हरामखोरा, माझ्या पोरीला मारतोस?" म्हणत त्याने लोखंडी साच्यांवर आपटलं. बुक्क्यांवर बुक्के घातले. नाकाचं हाड मोडल्याचं पलीकडच्यांनाही ऐकू गेलं. कुणी सोडवायला आलं नाही, आणि बरंच केलं.

वाळूत पडलेला जावई रक्त थुंकत हसला. "मारा, मामा. संध्याकाळी मी घरीच जाणार आहे."

आग्याचा हात तिथल्या तिथे थांबला. त्याने जावयाच्या खिशातून देणगीचा कागद काढला, रक्ताळलेल्या बोटांनी सही केली आणि त्याच्या छातीवर फेकला. "घे. आता तिला बोट लावायचं नाही."

तो धावतच लेकीकडे गेला. "सुटलीस बाई. केली सही."

"काय केलंत हे, बाबा? मला मारून उपयोग होत नाही, असं त्यांना वाटायला लागलं होतं. आता त्यांना कळलं, मला मारलं की तुम्ही ऐकता."

लेकीच्या अंगावरचा मार आपणच कामाचा ठरवून आलो, हे आग्याला तेव्हा उमगलं. जिन्यात पावलं वाजली. ती सवयीने भिंतीकडे सरकली, आणि बापाच्या मुठी काही वळेनात.