उपटलेले केस

बाईंनी माझ्या डोक्यावरची ओढणी खेचली. भर वर्गात. सातवीच्या सगळ्या पोरी बघत होत्या. कानामागे तळहाताएवढी जागा उघडी पडली. तिथे केस नव्हते. लाल कातडी.

"बघा," बाई पट्टीच्या टोकाने दाखवत म्हणाल्या. "वस्तीत राहायचं, आंघोळी करायच्या नाहीत, आणि रोग घेऊन आमच्यात येऊन बसायचं."

पोरी सरकल्या. माझ्या डब्यातली चटणी मागून खाणारी शेजारीणही उठली.

रोग नव्हता. केस मीच उपटले होते. पावसाळ्यात माझी माय बाळंतपणात गेली. बाळही गेलं. तेव्हापासून हात आपोआप डोक्याकडे जायचा. केस ओढला की तेवढ्यापुरतं दुसरं काही आठवायचं नाही. गणितात मी पहिली यायची. आता कोरा पेपर देऊ लागले. बाईंनी कान पिळला. बोलेनाशी झाले, तर बाकावर उभं केलं. काय झालं पोरी, एवढं कोणी विचारलं नाही.

मी म्हटलं, "रोग नाही बाई. माही माय मेली."

"खोटी कारणं नकोत. वडिलांना घेऊन ये."

दारापाशी पोतं टाकून मला त्यावर बसवलं. एकटीला.

दुसऱ्या दिवशी बाबा वर्गात आले. गांधीबागेच्या कापडबाजारात गठ्ठे वाहायचे ते. कामावरून तसेच, घामेजल्या सदऱ्यात आले. माय गेल्यापासून घरातही ते बोलत नव्हते. बाई खुर्चीतून उठल्या नाहीत.

"मुलगी घाणेरडी आहे तुमची. वर उद्धट."

बाबांनी हात जोडले. "चुकलं बाई. बिनमायची पोर हाय. मी समजावतो तिले. शाळेतून काढू नका."

बिनमायची. आता तरी बाईंना कळेल असं वाटलं. चेहरा हलला नाही. "आधी डोकं भादरून आणा. मग बघू."

बाबा वाकले. बाईंच्या पायाशी. माझा बाप.

मी त्यांचा दंड धरला. "बाबा, उठा. पाया नका पडू."

"गप बस वं."

"नाही बसत. मी काय चोरी केली? बाईले विचारा, मले काय झालं हे त्याइनं काहून नाही पुसलं?"

बाई ओरडल्या, "चालती हो!"

झाले चालती. बाबांना घेऊन.

रस्त्यात, रिक्षांच्या गर्दीत, बाबा थांबले. मायच्या मयतीत न रडलेला माणूस तोंडावर दुपट्टा धरून रडला. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "लय दुखते का वं?"

मी तेव्हा रडले. पहिल्यांदा.

ते वर्ष वाया गेलं. पुढच्या वर्षी दुसरी शाळा मिळाली. केस उगवले. बाबांची ती वाकलेली पाठ मात्र माझ्या डोळ्यांपुढून गेली नाही. बाबा वारले तरी गेली नाही.

आज मी शिकवते. शिक्षकांच्या खोलीत कोणी म्हणतं, "ते पोरगं बिघडलंय, बापाला बोलवा." मी तिथेच अडवते. पोर गप्प झालं, वर्गात झोपू लागलं, मारामाऱ्या करू लागलं, म्हणजे काहीतरी सांगून राहिलं आहे. आधी त्याच्याजवळ बसा. एकट्यात विचारा. लगेच नाही बोललं तर उद्या पुन्हा बसा. एवढं होत नसेल तर मास्तरकी सोडा. मी भांडेन. वाईट ठरले तरी भांडेन. त्या शाळेतल्या कोणालाच मी माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.