उठू नकोस, निखिल

मंदाताईंनी वाक्य अर्ध्यावर सोडलं, पदराचं टोक मुठीत धरलं, आणि इकडे काचेमागे मी श्वास रोखला.

रायपूरच्या एका हॉस्पिटलात मी सायकिॲट्रीच्या तरुण डॉक्टरांना ग्रुप थेरपी शिकवतो. म्हणजे सारख्या दुःखाची आठ-दहा माणसं गोल बसवायची आणि डॉक्टरनं त्यांच्यात बसून शक्यतो तोंड बंद ठेवायचं. आमच्या पोरांना यापेक्षा मेंदूचं ऑपरेशन सोपं वाटतं! मी एकतर्फी काचेमागून बघतो. मला ते दिसतात, त्यांना मी नाही. याला सुपरव्हिजन म्हणतात.

हा ग्रुप घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्यांचा. मंदाताई ब्राह्मणपारा या रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीतल्या, नवरा लकव्यानं पडलेला. आजवर त्या नुसतं "हव" म्हणून मान हलवायच्या. ग्रुप चालवत होता निखिल, माझा लाडका रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर. घरी मराठी, तोंडी हिंदी.

पहिल्याच दिवशी त्याला बजावलं होतं, "भूकंप झाला तरी खुर्चीतून उठायचं नाही. तू उठलास की ग्रुप मोडला."

"और एचओडी सर आ गए तो?"

"ते भूकंपापेक्षा लहान आहेत."

दोघंही खूप हसलो होतो.

तर मंदाताई म्हणाल्या, "खोटं कायले बोलू? मले कधी कधी वाटते, यायनं आता..."

निखिल गप्प राहिला. शाब्बास! शेजारचे रेल्वेतले काका पुढे वाकले. त्यांची बायकोही तशीच पडलेली. ताई वाक्य पुरं करणार, काका "मलेही वाटते" म्हणणार, आणि ती बाई कित्येक वर्षांनी हलकी होऊन घरी जाणार होती.

दार उघडलं. एचओडींचा, म्हणजे विभागप्रमुखांचा राउंड.

सगळ्यांत आधी उठला निखिल. मागोमाग अख्खा ग्रुप. मी काचेमागे दोन्ही हातांनी "बस, बस" करत नाचत होतो. एकतर्फी काचेतून माझं नाटक कोणाला दिसणार?

"कैसी हैं, माताजी? नींद आ रही है?"

"हव, सर. बरं हाये."

"गुड."

लवाजमा गेला. सगळे बसले.

"ताई, आप कुछ कह रही थीं?" निखिलनं विचारलं.

"काही नाही जी."

मी तडक एचओडींच्या केबिनमध्ये गेलो. ते म्हणाले, "डॉक्टर साहब, सब चुप ही तो बैठे थे. डिस्टर्ब क्या हुआ?"

बाहेर निखिल उभा होता. मी विचारलं, "काहून उठला बे?"

"पैर अपने आप उठ गए, सर."

मंदाताई पुन्हा आल्या नाहीत. निखिलनं फोन केला तेव्हा म्हणाल्या, "बरं वाटून राहिलं मले. आता काहून येऊ?" एचओडींनी मीटिंगमध्ये त्यांना बऱ्या झालेल्यांत धरलं.

आता नव्या बॅचला मी आधी गोल बसवतो, भूकंपाचं वाक्य ऐकवतो आणि बाहेर जातो. मग पोट पुढे काढून, एचओडींसारखा खाकरत आत शिरतो. नक्कल मी झकास करतो.

यंदाही सगळे ताडकन उठले. त्यांना शिकवायला सोबत बसवलेला निखिलही उठला. बाहेर मीच आहे, हे त्याला माहीत होतं.