काशिनाथभाऊंची किळस

काशिनाथभाऊ गाडीला हात लावण्याआधी साबणाने हात धूत, आणि काम झाल्यावर पुन्हा धूत. मुरबाडला एस.टी. स्टँडमागे त्यांचा गाळा होता. जुन्या गाड्यांचे रेडिओ आणि स्पीकर, एवढंच काम. दाराच्या आतलं कव्हर काढलं की ते वाकून आधी वास घेत, मान झटक्याने मागे नेत आणि म्हणत, “शी! गाडी हाय का उंदराचं बाळंतपण?” मालक ओशाळून हसे. भाऊ हसत नसत. आधी हात का धुता, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, “जुना स्पीकर म्हणजे कागद, सर. तेलकट बोट लागलं की मेला.”

एकदा माझ्यादेखत एका टेम्पोवाल्याने त्यांना डिवचलं, “काशिनाथ, तुझं सोवळं लय वाढलं बुवा.”

भाऊ बोटं पुसत म्हणाले, “आमच्या आज्याला तुमी शिवत नव्हते. आता तुमची गाडी शिवायची मला किळस येते. फिटंफाट.”

टेम्पोवाला खो खो हसला. मीही हसलो. भाऊंच्या आजोबांनी बौद्ध धम्म घेतला होता, आणि आम्ही शहापूर रस्त्यावरच्या गावातले पिढीजात भातशेतीवाले. त्या ‘तुमी’मध्ये माझं घरही होतं, हे मला कळलं होतं. तरी मी हसलो.

त्यांच्याकडे मी गेलो तो वडिलांच्या अँबेसिडरमुळे. वडील गेल्यापासून गाडी अंगणातल्या पत्र्याखाली उभी होती. रोज संध्याकाळी आई पुढच्या सीटवर बसून गाडीच्याच रेडिओवर भजनं आणि बातम्या ऐकायची. डॅशबोर्डाखालचा एकुलता एक स्पीकर फाटून खरखरू लागला, तशी ती म्हणाली, “तुजा बाप खोकायचा तसाच खोकतोय बघ.” माझा धाकटा भाऊ वाशिंदला राहतो. तो हौसेने गाडी तिकडच्या एका दुकानात घेऊन गेला. त्यांनी पुढची दोन्ही दारं कापून थाळीएवढे स्पीकर बसवले आणि ते त्याच जुन्या रेडिओला जोडले. घरी आल्यावर आईने काच खाली केली, ती दारातल्या स्पीकरच्या लोहचुंबकावर आपटून फुटली. भजन सुरू झालं तेव्हा गायकाचा आवाज कुठेच नव्हता, नुसते दणके. आई उतरली ती पुन्हा गाडीत बसली नाही. संध्याकाळी ती ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसू लागली.

मग मी सांगितल्यावर काशिनाथभाऊ आमच्या गावी आले. दाराला पडलेलं भोक त्यांनी बोटाने चाचपलं आणि रस्त्याच्या कडेला जाऊन थुंकून आले. “खाटीकसुदा बघून कापतो, सर. काच पूर्ण खाली करून मागं जागा किती उरते ते बघायचं, मग स्पीकर. एवढं साधं. आणि ह्या रेडिओला आठ ओहमचा लागतो, यांनी चारचे दोन लावले. आठ दिवसांत जळाला असता.” मोठे स्पीकर त्यांनी काढले, भोकांवर आतून पत्रा मारला, नवी काच बसवली. जुन्या स्पीकरच्या मापाचा एक त्यांनी कुठल्याशा भंगारातून मिळवून, कागद नवा घालून आणला होता. प्लस-मायनस ओळखायला त्यांनी स्पीकरला पेन्सिल सेलच्या तारा टेकवून बघितल्या. कागद बाहेर उचलला गेला की सेलची प्लस तार टेकली ती बाजू प्लस. चारही बोल्ट जुन्याच जागी बसले. रेडिओ लावला, आणि बातम्या देणाऱ्या बाईंचा श्वाससुद्धा ऐकू आला. आई ओसरीवरून उठून उभी राहिली.

मग तिने चहा आणला. मला स्टीलच्या कपात. त्यांना कागदाच्या, वापरून फेकायच्या कपात. तसला कप घरात होता हेच मला माहीत नव्हतं. भाऊंनी तो हातात घेतला नाही. आईकडे बघून ते शांतपणे म्हणाले, “कागद मी स्पीकरला लावतो, आई. चहाला नाय.”

मी माझ्या कपात बघत राहिलो.

रस्त्यापर्यंत सोडायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “म्हातारीचं मला काय नाय, सर. तिला कोणी शिकवलंच नाय. तुमी शाळेत पोरांना शिकवता. बोलायला तुमी पायजे होते.”

“बोलेन,” मी म्हटलं.

“कधी?” ते म्हणाले, आणि स्कूटरला किक मारून गेले.

त्यानंतर मी मुरबाडला गेलो की गाळ्यावर जायचो. ते खुर्ची पुसून द्यायचे, समोर बसकण मारून जुन्या गाड्यांना शिव्या घालायचे, वाचायला काय घेतलंय ते विचारायचे. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. फक्त मी निघताना माझ्याकडे एक क्षण बघायचे. घरी आई गाडीत बसून भजन ऐकत असायची, आणि मी मनात म्हणायचो, आज नको, तिचा दिवस चांगला चाललाय. असे चांगले दिवस दोन वर्षं चालले. भाऊंना उंदरांची यायची तशी मला स्वतःची किळस येऊ लागली होती, पण त्यांच्यासारखं वेळच्या वेळी ‘शी’ म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

गेल्या महिन्यात भाऊ गेले. हृदयविकार, गाळ्यातच. सिद्धगडाच्या पायथ्याजवळच्या त्यांच्या वाडीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, मग पंगत. मी त्यांच्या मुलाशेजारी बसून जेवलो.

परत आलो तेव्हा आई गाडीत होती. मी दाराशी उभा राहिलो.

“कुटं गेला होतास रे?”

“काशिनाथभाऊंकडे. ते वारले.”

“अगो बाय! कामाचा मानूस होता.” तिने रेडिओचा आवाज कमी केला. “तितं काय खाल्लं नायस ना?”

“जेवलो. त्या दिवशी तू त्यांना कागदाचा कप दिलास, तो अपमान होता. मी गप्प बसलो, ते त्याहून वाईट.”

तिने रेडिओ बंद केला. मग म्हणाली, “आंगोळ कर, मग घरात जा.”

मी आंघोळ केली नाही. तसाच स्वयंपाकघरात गेलो, तिच्या माठात हाताने तांब्या बुडवला आणि पाणी प्यायलो. ती मागोमाग येऊन दारात उभी होती.

सकाळी तो माठ परसात पालथा घातलेला दिसला. मी तो उचलला, आत आणून तिवईवर ठेवला आणि भरला.