देवीदासच्या यादीतलं कुंकू

माह्या भावाले अख्खं अकोला "यादीवाला देवीदास" म्हणे. कौतुकानं म्हणे. मी त्याची मोठी बहीण, गोदा. मले जे म्हणायचं होतं ते मी त्याच्या तोंडावर म्हणलं, अन् आता तो गेल्यावर तुमाले सांगून राहिली. कोणाले कडू लागलं तर लागो बाप्पा, मी काही गूळ वाटाले बसली नाही.

पसारा त्याले लहानपणापासून खपत नसे. गोठ्यातली दावी लांबीनं लावून ठेवे. माय चिडे, "अरे, बैल काय दावं मोजून बांधून घेते काय?" पुढं गावच्या पंतोजीनं त्याले मोडी शिकवली अन् पोट्टं हातचं गेलं. जे दिसन ते लिहे. बाजारात जायच्या आधी लिहे, बाजारातून आल्यावर ताडून पाहे. त्याची बायको जमुना लग्नानंतर मले म्हणे, "अक्का, हे जेवाले बसले का आधी ताटातलं लिहून घेतीन की काय, मले भेव वाटते." तवा आमी दोघी हासत असू.

मंग ते कापसाचे दिवस आले. समुद्रापल्याड गोऱ्यायची आपसात लढाई पेटली, तिकडचा कापूस यायचा बंद झाला, अन् आमच्या वऱ्हाडातल्या बोंडाले असा भाव आला की लोक बैलायच्या शिंगाले चांदी मढवाले लागले. मोर्णा नदीच्या काठानं गाड्याच गाड्या. जुन्या शहरातल्या एका अडत्याच्या वाड्यात कापूस तोलला जाये, तिथून लांबच्या गाड्यायवर चढून मुंबईकडं जाये. तिथं पाळी कशी लागे? ज्याचा आवाज मोठा अन् काठी जाड, त्याचा कापूस आधी. रोज कोणाचं ना कोणाचं डोकं फुटे.

देवीदास तिथं कामाले लागला अन् त्यानं यादी काढली. जो आधी आला त्याचं नाव वर. तोलून झालं का नावावर आडवी काट. एवढंच. पण डोकी फुटाची बंद झाली. अडत्या खूश, शेतकरी खूश. खरं सांगते, मलेही लय अभिमान वाटे. माह्या भावाच्या कागदापुढं पाटीलही आपल्या पाळीसाठी उभा राहे.

अन् मंग अकोटच्या खुशालरावानं घोळ घातला. मोठा शेतकरी, वाचता येत नव्हतं. त्यानं सहज विचारलं, "माहं नाव कोणतं रे?" देवीदासनं दाखवलं, "हे, काट मारलेलं."

"काट?" खुशालराव असा उसळला! "मी जिता हाय अन् माह्या नावाले काट मारतं तू? मेलेल्याच्या नावाले काट मारते, भल्या माणसा!"

त्याच हप्त्यात खुशालरावाचा बैल मेला. झालं. सारा बाजार देवीदासवर तुटून पडला. काट नाही म्हणजे नाही. तवा त्यानं डोकं लढवलं. कुंकू कालवून वाटीत ठेवलं अन् ज्याचं तोलून झालं त्याच्या नावापुढं बोटानं टिकला लावला. लोकायले हे भलतंच आवडलं. नावाले कुंकू म्हणजे शुभच की! गाड्या भरणारे हमालही तेच पाहत. लाल टिकला दिसला का माल चढवा, नसला का राहू द्या. अन् माल गाडीवर चढला का त्या दिवसाचा भाव पक्का, असा त्या वाड्याचा कायदा होता.

आता माहं सांगते. माहे मालक वारले तवा मी तरणी होती. हिवरखेडले आमचं वावर होतं, पण घर पुरात बसलं होतं, म्हणून भावाकडं राहे. भाऊ वाईट नव्हता. पण घर जमुनाचं होतं. मी चुलीपाशी गेली का ती म्हणे, "राहू द्या अक्का, तुमी बसा." असं गोड म्हणे का माणसाले तिथून उठूनच जावं वाटे. मले हिवरखेडले दोन खोल्या पायजे होत्या. दार उगवतीले, चूल दारापासून डाव्या हाताले. जागा मी पायानं आखून ठेवली होती. गवंडी ठरला होता. त्या साली वावर मी स्वतः पाहलं, मजुरायसंगं वेचणी केली, बायका बसवून सरकी काढून घेतली. तो कापूस म्हणजे माहं दार होतं, दुसरं काही नाही.

चैत्र उतरणीले लागला तवा मी गाडी घेऊन अकोल्याले आली. देवीदासनं पाळीनं माहं नाव लिहिलं. भाऊ म्हणून वर नाही घातलं, अन् मीही म्हणलं नाही. पाळी आली. नत्थुजी मापाऱ्यानं कापूस तोलला. देवीदासनं कुंकवात बोट बुडवलं, अन् बोट कागदावर आलं तसं हवेतच थांबलं.

खुशालराव बाजूलेच उभा. म्हणे, "काहून रे, विधवेच्या नावाले कुंकू लावतं काय?"

मी म्हणलं, "कागदाचा नवरा मेला काय हो? लाव रे तू."

कोणी हासलं नाही. देवीदासचे कान लाल झाले. यादीत आतापर्यंत एकही विधवा आली नव्हती, म्हणून ह्या अडचणीचा कायदा त्यानं केला नव्हता. त्यानं बोट धोतराले पुसलं, नत्थुजीची चिलीम घेतली, तिच्यातली राख चिमटीत धरली अन् माह्या नावापुढं कोरडीच टेकवली. चिलमीची राख! पण मी गिळलं. म्हणलं, खूण तर झाली. दोन खोल्या झाल्या का कोण विचारते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या भरल्या. वारा सुटला होता. देवीदास कागद धरून नावं पुकारे, हमाल माल चढवत. खुशालरावाचा चढला. पुढच्याचा चढला. माहं नाव आलंच नाही. मी पुढं झाली.

"देवीदास, माहं राहलं."

त्यानं कागद पाहला. मले पाहलं. कोपऱ्यातल्या माह्या बोज्यायकडं पाहलं. परत कागद पाहला.

"खूण नाही, अक्का."

"अरे, तूच तं लावली! तुह्याच बोटानं!"

"लावली असन. पण कागदावर नाही." असं म्हणून त्यानं आवाज खाली केला. "नत्थुजी अकोटले लग्नाले गेला, त्याले विचारता येत नाही. मी लोकायले सांगत आलो, तोंडाचं नाही, कागदाचं खरं. आता बहिणीसाठी मोडलं तर उद्या कोण ऐकन माहं?"

"राख उडाली रे. वारा पाह्य ना."

"उद्याच्या यादीत पहिलं नाव तुहं. आजच्यानं काय होते?"

मी खुशालरावाकडं पाहलं. त्याच्या डोळ्यापुढं सारं झालं होतं. तो आपल्या बैलाचं जू सारखं कराले लागला. मेला! गाड्या निघून गेल्या. आजच्यानं काय होते म्हणे.

संध्याकाळी मुंबईची खबर आली. गोऱ्यायची लढाई सरली, त्यायचा कापूस मोकळा झाला, भाव कोसळला. दुसऱ्या दिवशी देवीदासनं खरंच पहिलं नाव माहं लिहिलं, पण अडत्यानं फाटकच उघडलं नाही. चढलं ते आदल्या दिवसाच्या पक्क्या भावानं गेलं, राहलं ते राहलं. पुढं कित्येक दिवस तो कापूस कोणी फुकट विचारेना. गवंड्याले मी निरोप धाडला, येऊ नको.

शेवटी जमुनानं त्या कापसाच्या गाद्या भरल्या. आमच्या घरातल्या साऱ्या गाद्या माह्या दाराच्या हायत. जमुना हात फिरवून म्हणे, "किती मऊ हो अक्का." मी मातीवर सतरंजी टाकून झोपे. देवीदास मात्र त्या गादीवर झोपे, अन् सकाळी उठून मले विचारे, "अक्का, तू काहून नाही घेत?" चूक झाली असं तो कधीच म्हणला नाही. त्याच्या हिशेबानं झालीच नव्हती. अन् त्याचा मले सगळ्यात जास्त राग हाय, आजही हाय.

वाड्याचं काम बंद पडलं तसा तो घरी बसला. पण हात कुठं बसते? घराच्या भिंतीवर त्यानं आमची यादी काढली. आमाले वाचता येत नाही म्हणून घागर, चूल, गाय अशी चित्रं. ज्याचं काम झालं त्यानं आपल्या ओळीत टिंब लावायचं. त्याच्या अन् जमुनाच्या ओळीले कुंकू. माह्या ओळीले कोळसा. कोळसा उडत नाही ना! एवढी अक्कल त्याले माहा कापूस गेल्यावर आली. जमुनाची ओळ लाल, माही काळी, आल्यागेल्याच्या नजरेत येई. जमुना कोणाले तरी सांगे, "ते काळं ना, ते अक्काचं."

अशी कित्येक वर्सं गेली, अन् एका भादव्यात देवीदासले ताप आला. त्याच गादीवर गेला. मी रडली. भाऊ होता माहा, कडेवर घेतलेला. दिवस झाले, पाहुणे पांगले, तरी भिंतीवर त्याची ओळ तशीच. जमुना म्हणे, "अक्का, हे पुसू कसं? माहा हात होत नाही."

मी कोळसा घेतला अन् त्याच्या ओळीवर आडवी काट मारली. जित्या माणसाच्या नावाले मारत नाही, मेलेल्याच्या मारते.

दुसऱ्या दिवशी जमुना पाणी भरून आली. घागर ठेवली, भिंतीपाशी गेली, अन् सवयीनं तिचा हात कोनाड्यातल्या कुंकवाच्या करंड्याकडं गेला. तिथंच थांबला. ती माह्याकडं पाहाले लागली. तिचं कपाळ उघडं होतं. मले देवीदासचं ते हवेतलं बोट आठवलं.

मी उठली, करंडा काढून तिच्या पुढं धरला. "लाव. भिंतीचा नवरा मेला नाही."

"लोक काय म्हणतीन, अक्का?" ती म्हणे, अन् कोळशासाठी हात पुढं केला.

मी दिला. तिनं आपल्या लाल टिंबायच्या शेजारी काळं टिंब लावलं, एकदम माह्यासारखं. इतक्या वर्साची माह्या मनातली आग, मले बरं वाटाले पायजे होतं. नाही वाटलं. मी दुसरी घागर उचलली अन् पाण्याले गेली, पाळी तिची होती तरी.