पाटलांचा माल्ट्याचा मुक्काम

अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडं अमरावतीत कापसाचा भाव आभाळाला जाऊन भिडला, तेव्हा मी एका इंग्रज कापूस कंपनीच्या ऑफिसात मुन्शी होतो. त्या दिवसांचे किस्से काढायला बसलं की एकाचं बोट धरून दुसरा येतोच. कोणी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली, कोणी हत्ती पाहायला गेला आणि घेऊनच आला. ते तुम्ही पुष्कळ ऐकलेत. माझ्याजवळ साठले आहेत ते एकट्या उदेभान पाटलांचे. हसण्यासारखे आहेत, खुशाल हसा. मीही तेव्हा हसत असे.

*

पाटील नांदगाव खंडेश्वराकडचे. काळीभोर जमीन, भलं मोठं घर आणि त्या घरात हा एकटा माणूस. बायको, सगुणाबाई, पटकीच्या साथीत गेलेली. मूलबाळ नाही.

आमच्याकडं कापूस घेऊन येणारा जो तो आधी भाव विचारी. पाटील आले, खुर्ची दिली तरी सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "मुन्शीजी, साहेबाले इचारा, हा कापूस जाते कुठी?"

साहेबाला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. तिशीतला, सडाफटिंग माणूस. कामाशिवाय त्याच्याशी बोलणारं अमरावतीत कोणी नव्हतं. त्यानं भिंतीवरचा नकाशाच काढून टेबलावर पसरला. कापसाची गलबतं आफ्रिकेला वळसा घालून कशी जातात आणि माणसं मिसर देशावरून जवळच्या वाटेनं कशी जातात, हे बोट फिरवून दाखवलं.

पाटलांनी मधल्या समुद्रातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे काय हाय? माशी बसून गेली का?"

साहेब हसला. म्हणाला, ते माल्टा बेट. घरी जाताना स्टीमर तिथं दिवसभर थांबते. तिथलेही लोक कापूस पिकवतात. खाली सगळा खडक. माती म्हणे नावांतून आणून पसरलीय.

मी हे मराठीत सांगितलं. पाटलांच्या शेतात पुरुषभर खणलं तरी दगड लागत नसे. ते पुन्हा त्या ठिपक्यावर वाकले. मग म्हणाले, "नावेतून माती आनून कापूस पेरते, त्या मानसाले पाह्यलं पाह्यजे."

साहेब बोलून गेला, मी थंडीत रजेवर घरी चाललोय, चला माझ्याबरोबर. साहेबलोक असं म्हणतात. पाटील दुसऱ्या दिवशी छकडा जुंपून पुन्हा हजर. निघायचं कधी, एवढंच विचारायला आले होते.

*

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी कामं आटोपली की ऑफिसात माल्ट्याचा बेत चाले. साहेब, पाटील आणि मधे मी दुभाष्या. कधी चुनीलाल दलाल येऊन बसे, पण तो विड्याच्या आशेनं.

साहेबाचा बेत ठरलेला होता. सकाळी बंदरावर उतरायचं, आधी किल्ला पाहायचा. त्या किल्ल्यात मूठभर सरदारांनी तुर्कांच्या सगळ्या आरमाराला कसं थोपवून धरलं, याची कथा साहेब हातवारे करून सांगे. मग मोठं देऊळ, मग सरदारांची चिलखतं. संध्याकाळी परत स्टीमरवर.

पाटलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "साहेबाले सांगा, गाविलगड आमच्या मुलुखात हाय. माह्या बापानं पाह्यला नाई, म्या पाह्यला नाई. मंग तुमचा कायले पाहू?"

मी जरा गोड करून सांगितलं. तरी साहेबाचं तोंड उतरलं. शेवटी तडजोड झाली: दुपारपर्यंत साहेबाचा किल्ला, दुपारनंतर पाटलांचं शेत. चुनीलाल म्हणाला, "अजून मुंबई पाह्यली नाही अन् बेटाची वाटणी झाली."

*

एकदा साहेबानं डोकं लढवलं. दिवस पुरेल की नाही, हे इथंच चालून पाहू. आमच्या शहराला परकोट आहेच. तो झाला माल्ट्याचा किल्ला. बाजार म्हणजे बंदर, आणि परकोटाबाहेरचा आमचा मळा म्हणजे पाटलांचं शेत. मी माळ्याचा, आमचा भाजीचा मळा होता तिथं.

साहेब छत्री घेऊन पुढं, पाटील पागोटं सावरत मागं, त्यांच्या मागं मी. भिंतीच्या कडेकडेनं निघालो. साहेब मधेच थांबे, एखादा बुरूज दाखवून म्हणे, इथून तुर्क आले. लोक जमले. कोणीतरी उठवलं की सरकार परकोट पाडणार, साहेब मोजणीला निघालाय. वेशीतल्या दोन दुकानदारांनी घाईघाईनं मालही हलवला.

मळ्यावर पोचलो तर माझ्या आईनं साहेबाला आणि पाटलांना काकडी कापून दिली. तिला माल्ट्याचं काही माहीत नव्हतं.

परतताना पाटील वेशीच्या पायरीवर टेकले. पाय दुखले असतील म्हणून मी विचारलं. "पाय नाई दुखत," ते म्हणाले. "लई दिसानं कोनासंग हिंडलो."

साहेबानं मला विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. छत्री मिटून साहेबही पायरीवर बसला.

*

मग भाषेचा प्रश्न आला. साहेब म्हणाला, माल्ट्याचे शेतकरी इंग्रजी बोलत नाहीत, त्यांची बोली अरबीच्या जवळची आहे. आता अरबी कुठं शोधायची? चुनीलालला ठाऊक होतं: निजामाच्या फौजेतला एक म्हातारा अरब अकोल्यात उरलाय. पेन्शन नाही, नातलग नाहीत, एका मशिदीच्या आडोशाला राहतो.

पाटील दोन शब्द शिकून येतो म्हणून अकोल्याला गेले ते चांगले पुढच्या बाजारालाच उगवले. साहेब उत्सुक होता. काय शिकलात, म्हणून मी विचारलं.

"काही नाई शिकलो," पाटील म्हणाले. "त्याच्याशी त्याची बोली बोलनारं कोनी राह्यलं नाई. म्या नुसतं सलाम केला अन् बसलो, त म्हातारा बोलतच राह्यला. मले एक अक्षर समजलं नाई."

"मग इतके दिवस काय केलंत?"

"त्याले बोलू देल्लं."

*

समुद्र ओलांडणार ही बातमी गावात पोचली आणि भाऊबंद आमच्या ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. पुढं दोन पुतणे. जमिनीवर त्यांचा डोळा होताच, पण बोलले धर्माचं. म्हणाले, काका, तुम्ही बाटाल. परत आलात तर आम्हाला तुमच्या घरचं पाणी चालायचं नाही, जेवण तर नाहीच. पंक्ती बंद होतील.

पाटलांनी एकेकाकडं नीट पाहिलं. मोठ्या पुतण्याला म्हणाले, "बापू, तुही काकू गेल्यावर तू माह्या घरी कधी जेवला? बंद काय करून राह्यला, चालू कधी होतं?"

पुतण्या जोडे पाहत उभा राहिला.

त्या दिवशी बाकीचे गेल्यावर मीच त्यांना विचारलं. म्हटलं, पाटील, खरंच एवढं काय आहे त्या बेटावर? मौज म्हणून बोललात, झालं. आता नका जाऊ.

त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. म्हणाले, सगुणा कापूस वेचता वेचता नेहमी विचारायची, हा जाते कुठी? मी म्हणायचो, बाजारात. ती म्हणायची, अन् बाजारातून? मला माहीत नव्हतं, मी खेकसायचो तिच्यावर. मग म्हणाले, "आता माहीत झालं त सांगाले घरात कोनी नाई. म्हनून म्हटलं, जाऊनच पाहावं."

मी पुन्हा जाऊ नका म्हटलं नाही.

*

थंडी पडली आणि दोघं निघाले. पाटलांच्या छकड्यात ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, चटणी आणि स्वतःची चूल. साहेबाच्या छकड्यात पुस्तकं. ऑफिस माझ्यावर सोपवलं होतं. गाडीवाटेवरची धूळ खाली बसेपर्यंत मी पाहत होतो.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. लढाई संपली, कापूस धाडकन खाली आला, कंपनीनं अमरावतीचं दुकान आवरायचा हुकूम धाडला. साहेबाला तिकडूनच दुसरीकडं नेमलं. चुनीलाल येईनासा झाला. रिकाम्या आवारात मी एकटा कुलपं लावत फिरे. बाजाराचा दिवस आला की उगाच सतरंजी झटकून ठेवी.

आणि एका सकाळी पाटील दारात. उन्हानं काळे पडलेले, चूल कुठंतरी सोडून आलेले. मी धावत गेलो. विचारलं, विलायत कशी आहे?

"गेलोच नाई," ते म्हणाले. "माल्ट्याले उतरलो, तो तिथीच राह्यलो."

सतरंजीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. ठरल्याप्रमाणं सकाळी साहेबाबरोबर किल्ला पाहिला. दुपारी शेतावर गेले. दगडी बांधांतली बिछान्याएवढी शेतं. आणि कापूस नव्हताच. वेचणी कधीच होऊन गेली होती. एवढे बेत केले, हंगाम विचारायचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

एका शेतात म्हातारा-म्हातारी ढासळलेला बांध रचत होते आणि वाहून खाली आलेली माती टोपलीनं पुन्हा वर नेत होते. पाटलांनी अंगरखा काढला आणि टोपली उचलली. म्हाताऱ्यानं कोण, कुठला, काही विचारलं नाही. सरकून जागा करून दिली. संध्याकाळी स्टीमरचा भोंगा झाला. साहेब धापा टाकत बोलवायला आला. पाटलांनी खुणेनं सांगितलं, तुम्ही जा. साहेब तिथंच बांधावर थोडा वेळ बसला. मग त्यानं पाटलांचा हात हातात घेतला, आणि जाताना बंदरावरच्या कोणाला सांगून त्यांच्या परतीची सोय करून गेला.

पाटील पेरणी होईपर्यंत राहिले. म्हातारीच्या हातचं जेवले. त्यांची बोली शेवटपर्यंत आली नाही.

"मग परत का आलात?" मी विचारलं.

"जमीन पडीक राह्यली असती," पाटील म्हणाले.

*

आता शेवटचा किस्सा.

भाऊबंदांनी धरलं, प्रायश्चित्त घ्या, नाहीतर गावात राहू नका. पाटील नाही म्हणाले नाहीत. नांदगावच्या देवळाच्या ओसरीवर सगळी तयारी झाली. शास्त्रीबुवा अमरावतीहून आणलेले, चांगला मऊ मनाचा माणूस. पाटलांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. त्यांच्या बाजूनं आलेला मी एकटाच होतो. समोर पुतणे, पंच आणि झाडून सगळं गाव.

पाटील मुंडण करून, ओल्या धोतरानं पाटावर बसले. शास्त्रीबुवांनी संकल्प सांगितला, तो त्यांनी मागोमाग म्हटला. मग शास्त्रीबुवा म्हणाले, पाटील, विधी आम्ही करतो, पण मनात पश्चात्ताप नसेल तर त्याचा उपयोग नाही. तुम्हाला पश्चात्ताप झालाय का, एवढं सगळ्यांसमोर सांगा.

पाटलांनी मान खाली घातली. पुतणे एकमेकांकडं पाहू लागले.

"लई पस्तावा हाय, बुवा," पाटील म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. गाव हललं. दोन-तीन बायांनी डोळ्याला पदर लावला. मोठ्या पुतण्यानं हात जोडले.

शास्त्रीबुवांनाही बरं वाटलं. पळीत पाणी घेत ते मायेनं म्हणाले, "कशाचा, तेही उच्चारावं लागतं, पाटील. सांगा, कशाचा?"

"वापस आलो, त्याचा."