तीन इंच वर: आमगाव ते नवेगाव बांध

“रुको, रुको! पाइप खिंच रहा है.”

मिस्त्रींचा आवाज गाडीखालून आला. मी जॅकचा दांडा तिथंच सोडला. पिकअपचं मागचं चाक हवेत होतं, अ‍ॅक्सल खाली लोंबत होता आणि ब्रेकची रबरी नळी ताणली गेली होती. योगेशने वाकून पाहिलं.

योगेश माझा मावसभाऊ. नवेगाव बांधच्या तळ्यातले मासे तो या गाडीतून गोंदियाच्या बाजारात पोचवतो. डोंगे जिथे काठाला लागतात तिथवरची वाट दगडांची आहे. एकदा मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला गोळा तिथे आपटला, तेल गळालं, मासे उन्हात राहिले. त्यानंतर मच्छीमार संस्थेने सांगितलं की काठापर्यंत नीट येईल त्या गाडीलाच यंदाची वाहतूक. दुसरा एक जण ट्रॅक्टर घेऊन तयारच होता. योगेशने रायपूरहून गाडी उंच करायचं लिफ्ट किट मागवलं आणि मला फोन केला, “ताई, तू गाड्यांवर लिवतेस ना. ये, पाह्य.”

नागपूरहून सकाळच्या गाडीने गोंदिया, तिथून पॅसेंजरने आमगाव. स्टेशनबाहेर तर्री-पोहे मिळतात; तर्री वेगळी मागून घ्या, नाहीतर पोहे बुडून येतात. वर्कशॉप देवरी रस्त्यावर, एका राइस मिलच्या शेजारी आहे. हवेत सतत कोंडा.

किट म्हणजे फार काही नसतं. स्प्रिंगच्या पाट्यांच्या आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये बसणारे लोखंडी ठोकळे, लांब यू-बोल्ट, लांब शॉकअप.

“दो इंच में काम हो जाता भाऊ,” मिस्त्री म्हणाले.

“तीन.”

“तीन काहे को? जंगल में शेर पकड़ना है क्या?”

“मासे,” योगेश म्हणाला.

वाटेतल्या सगळ्यात मोठ्या गोट्याची उंची तो काडीने मोजून आला होता. काडी डॅशबोर्डवर ठेवलेली होती. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं आणि तीन इंचांचे ठोकळे बसवले. ब्रेकची नळी लांब घालावी लागली. दुपार गेली. अलाइनमेंट झालं, हेडलाइट खाली वळवले. हे काम करून घ्यायचं असेल तर नोंदणीत काय बदल लागतो ते आरटीओत आधी विचारा. योगेशने विचारलं होतं.

आमगाव–देवरी रस्ता अरुंद पण चांगला आहे. पुढे महामार्ग, कोहमाऱ्याला डावीकडे वळलं की जंगल सुरू होतं. गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त कलत होती. योगेश वेग कमी ठेवून चालवत होता आणि खुशीत होता. रात्री त्याच्या घरी भात आणि झिंग्यांचा रस्सा होता. त्याने जेवताना दोनदा उठून गाडी पाहिली.

पहाटे काठावर गेलो. गोटा खालून निघून गेला. काही लागलं नाही. योगेशने वळून माझ्याकडे पाहिलं.

डोंगे आले. गाडीच्या मागच्या हौद्यात ताडपत्री टाकून बर्फ भरलेला असतो, म्हणून फाळके, म्हणजे हौद्याच्या बाजूच्या फळ्या, उघडत नाहीत. बाया डोक्यावरचं टोपलं बाजूच्या फाळक्यावरून थेट आत ओततात. देवकाबाई पुढे आली. साठीची, ठेंगणी, भरणाऱ्या चौघींची पुढारी. ती टोपलं घेऊन फाळक्याशी थांबली. कड तिच्या डोक्याच्या वर होती. तिने दोन्ही हातांनी टोपलं वर रेटलं. माशांचं पाणी तोंडावर आलं.

“अगा योगेस, गाडी काऊन एवढी उंच केलास?”

“खाली गोटा लागे ना काकू.”

“गोट्याचं पाह्यलास. आमचं नाई पाह्यलास. आता शिडी आन, नाई त टॅक्टर बलाव.”

बाकीच्या तिघी हसल्या आणि टोपली खाली ठेवून बसल्या. संस्थेचे सचिव छत्रीवर टेकून उभे होते. ऊन चढायला लागलं होतं. मी चपला काढून हौद्यात चढले आणि बर्फावर उभी राहून वरून टोपली ओढून घेतली. पाय बधिर झाले, पण गाडी भरली.

“पाव्हनी रोज येईन का?” सचिवांनी विचारलं.

योगेश स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होता. इथे गाडीवाला टोपल्याला हात लावत नाही. भरणं बायांचं.

“तू उचल ना थोडं,” देवकाबाई त्याला म्हणाली. “डोस्कं कायले हाय, केस विंचराले?”

“डायवर हाव मी, काकू.”

“मंग रिकामी गाडी चालव.”

सचिव म्हणाले, “उद्या एक डाव पाहू. मंग ठरवू.”

मी साकोलीपर्यंत एसटीने आणि तिथून नागपूरच्या बसने परतले. साकोलीच्या स्टँडवर बस अर्धा तास थांबते, चहा बरा आहे. घरी पोचले तेव्हा कपड्यांना माशांचा वास होता आणि तळपाय अजून दुखत होते. किट उत्तम बसलं आहे, हे मी खात्रीने लिहू शकते. तीन इंच घ्यावेत की दोन, हे मला अजून सांगता येत नाही. गाडीखाली काय आहे ते आम्ही सगळ्यांनी वाकून वाकून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी योगेशचा फोन आला. त्या सकाळी देवकाबाई त्याचे गमबूट घालून हौद्यात उभी राहिली. योगेशने डोक्यावर चुंबळ ठेवून सगळी टोपली वाहिली. वाहतूक त्याला मिळाली.