पानिपतचं रिटर्न तिकीट

संक्रांतीच्या सकाळी दिल्लीत असं धुकं पडलं होतं, की तिकीट खिडकीतल्या बाबूचा नुसता हात दिसत होता. शेवंताने नवऱ्याला कोपराने ढोसलं, "अहो, रिटर्न घ्या."

फौजीची बायको ती. खंडेराव कुठेही निघाले, तरी परतीचं तिकीट त्यांच्या खिशात बघितल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडत नसे. आता ते निवृत्त होऊन गुडगावच्या नव्या टॉवरवर सुरक्षा अधिकारी झाले होते, तरी तिची खोड गेली नव्हती.

खंडेराव कुरकुरले. रिटर्न घेतलं म्हणून भाडं एक पैशानेही कमी होत नाही, मग आधीच कशाला घ्यायचं? शेवंताचं म्हणणं, कमी व्हायलाच हवं. परत येणाऱ्याची रेल्वेने काही कदर ठेवावी की नाही?

"आणि जो परत येणार नाही, त्याने जास्त भरायचे? हा कुठला न्याय?"

बाईसाहेबांनी तरी रिटर्न घ्यायला लावलंच.

गाडीत खंडेराव गुडगावला घ्यायच्या फ्लॅटबद्दल बोलत राहिले. उद्या सही करायची होती. लिफ्ट, बाल्कनी, खाली बाग! शेवंता हूं हूं करत होती. तिला वाईजवळच्या आपल्या गावी जायचं होतं, पण माणूस एवढा हरखलेला, त्याच्या आनंदावर पाणी कसं फिरवायचं?

पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला, दरवर्षीसारखी मराठी मंडळी जमली होती. शेवंताने तिथली माती कपाळाला लावली आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे धुक्यातून त्या वेळच्या बायका चालत होत्या, सैन्यामागून इतक्या लांब आलेल्या, कडेवर पोरं घेतलेल्या. त्यातली एक सारखी मागे वळून बघत होती. घर कुठल्या अंगाला राहिलं, तेच तिला उमगत नव्हतं. शेवंताला भडभडून आलं. आपणही थोड्या दिवसांसाठीच आलो होतो की इकडे.

संध्याकाळी दिल्लीला उतरल्यावर ती रिझर्वेशनच्या खिडकीपाशी थांबली.

"अहो, मला फ्लॅट नको. गावाचं तिकीट काढा."

खंडेराव पाकीट काढत खिडकीकडे वळले. मग सवयीने म्हणाले, "रिटर्न ना?"

"नको, सिंगल," शेवंता म्हणाली. "जास्त मागितले तरी द्या."